श्वास सोडल्यानंतर

भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला २६ जून २०२५ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात पोचले, त्या संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी टीव्हीसमोर चांगलीच गर्दी जमली होती. पुण्याहून भाचा आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रश्न फार विचारतो. शुक्ला गोल दारातून तरंगत आत आले, आधीच्या सात जणांनी चौघा पाहुण्यांना मिठ्या मारल्या आणि हा म्हणाला, "मावशी, एवढ्या माणसांना पुरेल इतका ऑक्सिजन वर नेतात तरी कसा?"

"ऑक्सिजनचं नंतर बघू," मी म्हटलं. "आधी सांग, या अकरा जणांनी सोडलेला श्वास जातो कुठे?"

नोकरीची सगळी वर्षं मी इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो. माणूस दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन वापरतो आणि एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद जागेत माणूस गुदमरतो तो ऑक्सिजन संपल्यामुळे, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ऑक्सिजन संपायच्या खूप आधी कार्बन डायऑक्साइड घात करतो. मोकळ्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो. पाच टक्क्यांना धाप लागते, डोकं ठणकतं. दहा टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते. तेव्हा त्या खोलीत ऑक्सिजन शिल्लक असतोच. म्हणून अंतराळयानात हवा भरणं हे अर्धंच काम. वापरलेली हवा उपसणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त अवघड.

वर्गात हे समजावताना मी चुन्याच्या निवळीपासून सुरुवात करत असे. पानवाल्याकडचा चुना रात्रभर पाण्यात ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी न हिंदकळता परीक्षानळीत ओतून घ्यायचं आणि काचेच्या नळीने त्यात सावकाश फुंकायचं. पहिल्या दोन-तीन फुंकरांना काहीच होत नाही. मग पाण्यात एक पुसटसा धुरकट पदर दिसतो आणि बघता बघता सगळी निवळी दुधासारखी होते. फुंकत राहिलं तर ती पुन्हा नितळू लागते. ते का, हा तोंडी परीक्षेतला माझा आवडता प्रश्न. मुद्दा हा, की श्वासातला वायू अल्कलीने पकडला आणि त्याची पांढरी पूड झाली. वायूचा घन पदार्थ झाला, म्हणजे तो हवेतून गेला.

अंतराळातल्या छोट्या मोहिमांत बरोबर हेच केलं जातं. फक्त चुन्याऐवजी लिथियम हायड्रॉक्साइड वापरतात, कारण लिथियम हा सगळ्यांत हलका धातू आणि यानात प्रत्येक ग्रॅम मोजला जातो. एक किलो लिथियम हायड्रॉक्साइड ०.९२ किलोपर्यंत कार्बन डायऑक्साइड धरतं. चुना किलोमागे ०.६ किलोसुद्धा धरत नाही. या पुडीच्या डब्यांवर तीन माणसांचे प्राण कसे लोंबकळले होते ते एप्रिल १९७०मध्ये जगाने पाहिलं. अपोलो-१३च्या ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि तिघांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात आसरा घ्यावा लागला. ते यान दोघांसाठी आणि जेमतेम दोन दिवसांसाठी बनवलेलं होतं. ऑक्सिजन पुरेसा होता. कार्बन डायऑक्साइड मात्र चढत गेला. मुख्य यानात पुडीचे डबे भरपूर होते, पण ते चौकोनी. छोट्या यानातली खोबण गोल. ह्यूस्टनच्या अभियंत्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळपोशाखाच्या नळ्या आणि चिकटपट्टी एवढ्या सामानात जोडणी बसवली आणि रेडिओवरून एकेक पायरी सांगत त्या तिघांकडून ती बनवून घेतली. आकडा खाली आला, माणसं घरी आली.

पण पुडी कितीही चांगली असली तरी हवा तिच्यापर्यंत पोचायला हवी. माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

पृथ्वीवर आपण सोडलेला श्वास गरम असतो, म्हणून हलका असतो, म्हणून तोंडापासून वर निघून जातो. त्याची जागा भोवतालची ताजी हवा घेते. हे सगळं आपण झोपेत असतानाही चालू राहतं, फुकट, गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर. कक्षेत फिरणाऱ्या यानात गरम हवा वर जात नाही, कारण तिथे 'वर' ही दिशाच उरत नाही. १९९२मध्ये अमेरिकी शटलवर आणि १९९६मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर मेणबत्त्या पेटवून पाहिल्या. ज्योत निमुळती झालीच नाही. वातीभोवती निळसर, मंद, जवळजवळ गोल असा प्रकाशाचा गोळा राहिला. जळून तयार झालेला वायू तिथेच घुटमळत होता आणि नवा ऑक्सिजन सावकाश झिरपत येत होता. आता त्या ज्योतीच्या जागी झोपलेल्या माणसाचा चेहरा आहे असं समजा. पंखा बंद असेल तर त्याच्या नाकातोंडाभोवती त्याच्याच श्वासाचा ढग साठत जातो आणि तो तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतो. अंतराळवीर डोकं दुखून, धाप लागून जागे होतात ते यामुळे.

ग्वाल्हेरकरांना हवा खेळती ठेवण्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, खिडकीला कूलर लागतो, आणि नवखा पाहुणा गारवा टिकावा म्हणून समोरचं दार ओढून घेतो. थोड्याच वेळात खोली दमट होऊन अंग चिकचिकायला लागतं. दार किलकिलं केलं की तोच कूलर पुन्हा गार वारा देतो. आलेल्या हवेला जायला वाट हवी. अंतराळयानात ही वाट बाहेर काढता येत नाही, म्हणून तिचं वर्तुळ करावं लागतं. पंखा हवा ढकलतो, ती माणसांवरून जाते, समोरच्या जाळीतून ओढली जाते, गाळली जाते, थंड होते, तिच्यातली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात आणि ती पुन्हा पंख्याशी येते. स्थानकात हा वारा सेकंदाला साधारण ८ ते २० सेंटिमीटर वेगाने वाहता ठेवतात. म्हणजे अंगाला जाणवेल न जाणवेल इतकाच. एका दालनातून दुसऱ्या दालनात हवा नेणारे पंखे वेगळे, टेलिफोन बूथएवढ्या झोपायच्या खोलीचा पंखा वेगळा. हे पंखे रात्रंदिवस घुमतात. त्यांचा आवाज इतका, की कानात बोळे घालून झोपणारे अंतराळवीर कितीतरी. तरीही तो आवाज थांबला तर झोप उडावी अशीच त्यांची शिकवण असते.

या वाऱ्याचा एक घरगुती उपयोगही आहे. हातातून सुटलेलं पेन, स्क्रू, मोज्याचा जोड, सगळं तरंगत तरंगत शेवटी हवा ओढणाऱ्या जाळीला जाऊन चिकटतं. काही हरवलं की आधी तिथे बघायचं. शनिवारी स्थानकात साफसफाई असते, तेव्हा या जाळ्यांवरून व्हॅक्युम क्लीनर फिरवतात. जाळी कपड्यांच्या तंतूंनी आणि कातडीच्या कोंड्याने भरली की वारा मंदावतो, आणि मंद वाऱ्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

एवढं करूनही स्थानकातली हवा आपल्या अंगणातल्या हवेसारखी नसते. तिथे कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या २ ते ४ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. आपल्याकडे मोकळ्या हवेत तो ०.३ मिलिमीटर. म्हणजे दहापट, आणि तोही सहा-सहा महिने, सलग. स्थानकात जवळजवळ वर्षभर राहिलेल्या स्कॉट केली यांनी आपल्या आठवणींत याविषयी पोटतिडकीने लिहिलं आहे. यंत्र न बघताही केवळ डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ आणि चिडचिड यांवरून आकडा किती चढला ते त्यांना कळे. नासाच्या डॉक्टरांनी अंतराळवीरांच्या डोकेदुखीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाब एक मिलिमीटरने वाढला की डोकेदुखीची शक्यता जवळपास दुप्पट होते असं दिसलं. पूर्वी जी पातळी चालवून घेतली जात असे, ती त्यानंतर पायरीपायरीने खाली आणली गेली. माझ्या दृष्टीने हा मोठा बदल आहे. माणूस जिवंत राहतो ना, एवढ्यावर न थांबता त्याला नीट विचार करता येतो का, हे विचारलं गेलं.

आता ग्वाल्हेरच्या जिव्हाळ्याचा भाग. आमच्या शहरात झाशी रोडवर डीआरडीई आहे, डीआरडीओची प्रयोगशाळा. संस्थानकाळाच्या शेवटी जिवाजी इंडस्ट्रियल रिसर्च लॅबोरेटरी म्हणून ती सुरू झाली, १९७३मध्ये आजच्या नावाने स्वतंत्र झाली. विषारी वायू आणि जैविक अस्त्रं यांपासून जवानांचं रक्षण, हे तिचं काम. गॅस मास्कच्या डब्यात, निवाऱ्यांच्या आणि वाहनांच्या गाळण्यांत जो कोळसा असतो, त्याचं शास्त्र या शहरात पिढ्यान्‌पिढ्या शिकलं-शिकवलं गेलं. माझ्या काही विद्यार्थ्यांनी तिथेच उमेदीची वर्षं घालवली. गगनयानाशी, म्हणजे भारताच्या मानवी अंतराळ मोहिमेशी, मी त्यांचा थेट संबंध जोडत नाही. रसायनशास्त्राचं नातं मात्र सख्खं आहे.

कारण यानात कार्बन डायऑक्साइड हा एकटाच पाहुणा नसतो. माणसाच्या अंगातून अमोनिया, अ‍ॅसिटोन, मिथेन, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो. प्लास्टिक, रंग, गोंद, तारांची वेष्टनं यांतून सूक्ष्म प्रमाणात वाफा निघत राहतात. घरात खिडकी उघडली की हा विषय संपतो. बंद यानात हा वायूंचा कचरा महिनोन्‌महिने साठत जातो. तिथे कामाला येतो तो सक्रिय कोळसा. नारळाच्या करवंटीपासूनही तो उत्तम होतो. करवंटी जाळून कोळसा करायचा आणि मग त्याला वाफेत तापवायचं, म्हणजे त्याच्या आत असंख्य बारीक भोकं पडतात. चिमूटभर, एक ग्रॅम कोळशात या भोकांच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकतं. प्रयोगशाळेत मुलांना मी मिथिलीन ब्लूचं गडद निळं पाणी देई आणि कोळसा भरलेल्या नळीतून ते थेंब थेंब सोडायला सांगे. खालच्या चंचुपात्रात पडणारा थेंब स्वच्छ पाण्याचा. ज्यांनी हे एकदा पाहिलं त्यांना गॅस मास्क वेगळा समजवावा लागला नाही.

साधा कोळसा सगळं पकडत नाही, आणि खरी विद्या तिथून सुरू होते. गॅस मास्कच्या कोळशाला धातूंचे क्षार पाजतात, म्हणजे साध्या कोळशाला न जुमानणारे विषारी वायू त्यावर अडतात. स्थानकातल्या कोळशाला फॉस्फोरिक आम्ल लावलेलं असतं, ते अमोनियासाठी. मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड तरीही निसटतात. त्यांना पॅलेडियमच्या उत्प्रेरकावर सुमारे ४०० अंश सेल्सियसला जाळून टाकतात. आणि सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे घाण आत जाऊच न देणं. यानात जाणारी प्रत्येक वस्तू आधी बंद पेटीत गरम करून तिच्यातून काय निघतं ते मोजतात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स इथे तर नासाने त्यासाठी वास घेणारी माणसंच ठेवली आहेत. विषारी नाही अशी खात्री झालेली हवा ते हुंगतात आणि गुण देतात. वासात फार गुण मिळवले की वस्तू बाद. २३ नोव्हेंबर २०२४ला प्रोग्रेस हे मालवाहू यान स्थानकाला लागलं, दार उघडताच विचित्र वास आला आणि दार लगेच लावून घेतलं गेलं. तेव्हा सुनीता विल्यम्स स्थानकाच्या कमांडर होत्या. हवा गाळणारी यंत्रणा चालवून वास निवल्यावरच सामान उतरवायला घेतलं.

धुळीबद्दल एक परिच्छेद लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. २०१६मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातल्या शहरांच्या हवेची आकडेवारी काढली, तेव्हा सूक्ष्म धूलिकणांत इराणच्या झाबोलनंतर दुसरं नाव ग्वाल्हेरचं होतं. घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्याच देशाची वर्षाची मर्यादा ४०. ज्या शहरात हवा गाळण्याचं इतकं ज्ञान आहे, त्याच शहराच्या हवेचा हा आकडा मला अजून टोचतो. निदान इथली जाडी धूळ फळीवर बसते आणि फडक्याने पुसता येते. अंतराळात ती बसतच नाही. पिठाचा कण, नखाचा तुकडा, तुटलेली तार, सगळं डोळ्यांच्या आणि नाकाच्या उंचीवर तरंगत राहतं, म्हणून तिथे बारीक गाळण्यांना पर्याय नाही. चंद्रावरची धूळ तर आणखी वाईट, काचेसारखी धारदार. १९७२मध्ये अपोलो-१७च्या हॅरिसन श्मिट यांनी यानात परतून शिरस्त्राण काढलं आणि सर्दी झाल्यासारखं त्यांचं नाक चोंदलं.

आगीचं थोडक्यात सांगते, कारण ती हवेच्याच हिशेबाची दुसरी बाजू. २७ जानेवारी १९६७ला अपोलो-१च्या जमिनीवरच्या चाचणीत यानात शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता. ठिणगी पडली आणि तीन अंतराळवीर गेले. आज स्थानकात आपल्यासारखीच, नायट्रोजन मिसळलेली हवा असते. २३ फेब्रुवारी १९९७ला मीर स्थानकात ऑक्सिजन देणाऱ्या रासायनिक नळकांड्यालाच आग लागली. सहा जण आत होते, घरी नेणाऱ्या दोन यानांपैकी एकाची वाट ज्वाळांनी अडवली होती, आणि धुरात हात दिसेना. मास्क लावून ते तगले. आग विझल्यावर ती हवा पुन्हा श्वास घेण्याजोगी करणं, हे काम गाळण्यांनीच केलं.

आपल्या देशात या विषयाला आता निकडीचं रूप आलं आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ला सोयुझमधून सॅल्यूत-७वर गेले, तेव्हा त्यांचा श्वास रशियन यंत्रणेने सांभाळला. शुक्लांचा अमेरिकी आणि रशियन यंत्रणांनी. गगनयानात तिघे जण तीन दिवस, ४०० किलोमीटर उंचीवर राहतील आणि ती हवा आपली असेल. डिसेंबर २०२३मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी उघड सांगितलं, की यानातलं वातावरण सांभाळणारी यंत्रणा बाहेरून मिळेल अशी आशा होती, पण द्यायला कुणी तयार झालं नाही, म्हणून ती इथेच बनवायची. मला ते ऐकून वाईट वाटलं नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई दलाच्या तळावरून मिराज विमान उडालं की आमच्या घराच्या काचा थरथरतात. त्या वैमानिकाच्या मास्कमध्ये येणारी हवा हासुद्धा कुणीतरी बसून सोडवलेला प्रश्नच आहे. मुंबईत माझगाव डॉकला बांधलेल्या पाणबुड्यांतली माणसं समुद्राखाली बंद हवेतच राहतात. बंद हवा आपल्याला अगदीच परकी नाही.

मात्र तीन दिवसांचं यान वेगळं आणि स्थानक वेगळं. भारतीय अंतरिक्ष स्थानक २०३५पर्यंत उभं करायचं उद्दिष्ट आहे. तिथे तिघे जण सहा महिने राहिले तर जवळजवळ ५४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडतील. तो लिथियम हायड्रॉक्साइडने पकडायचा तर कागदावरच सुमारे ५९० किलो पूड लागते, व्यवहारात त्याहून जास्त, आणि एकदा वापरली की ती फेकायची. हे परवडत नाही. म्हणून स्थानकात झिओलाइट वापरतात. हे स्फटिक त्यांच्या ठरावीक मापाच्या छिद्रांत कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतात, तापवून निर्वात केले की सोडून देतात आणि पुन्हा कामाला लागतात. एक थर भरत असताना दुसरा रिकामा होतो. झिओलाइटला पाणी फार आवडतं, म्हणून हवा आधी कोरडी करावी लागते. आणि गरम-थंड होत राहिल्याने त्याचे दाणे झिजतात. ती पूड आंतरराष्ट्रीय स्थानकातल्या झडपांत जाऊन बसली आणि अंतराळवीरांना यंत्र खोलून साफ करत बसावं लागलं. कागदावर सुंदर दिसणाऱ्या रसायनशास्त्राला प्रत्यक्षात दाण्याच्या मजबुतीची चिंता असते.

पकडलेला कार्बन डायऑक्साइड आता सगळाच फेकत नाहीत. पाण्याचं विघटन करून स्थानकात ऑक्सिजन बनवतात, तेव्हा हायड्रोजन मोकळा होतो. १९१२चं नोबेल मिळवणाऱ्या पॉल साबातिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या क्रियेने हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आणले की पाणी आणि मिथेन मिळतो. पाण्यापासून पुन्हा ऑक्सिजन. मिथेन मात्र बाहेर सोडून देतात आणि त्याच्याबरोबर हायड्रोजनही जातो, त्यामुळे पुढच्या फेरीला हायड्रोजन कमी पडतो. परिणाम असा, की स्थानकातल्या पाण्यापैकी ९८ टक्के परत मिळवण्यापर्यंत मजल गेली, पण श्वासातून गेलेला ऑक्सिजन निम्म्याच्या आसपासच परत मिळतो. मंगळाच्या दोन-अडीच वर्षांच्या प्रवासाला हे पुरणार नाही. मिथेन तोडून त्यातला हायड्रोजन सोडवण्याचे प्रयोग चालू आहेत. अडचण काजळीची आहे: सुटलेला कार्बन यंत्राच्या आत आणि उत्प्रेरकावर जमतो आणि त्याची काम करणारी भोकं बुजवून टाकतो. भोकांचं आणि पृष्ठभागांचं रसायनशास्त्र जाणणारी माणसं आपल्याकडे ग्वाल्हेरपासून अंबरनाथपर्यंतच्या प्रयोगशाळांत बसलेली आहेत. भारतीय स्थानकाचा आराखडा अजून कागदावर आहे, तेव्हाच त्यांना त्या टेबलाशी बोलावलं पाहिजे.